जपानी धाटणीची यॉट क्लबची पताका: वाचायची कशी, आखायची कशी

टोकियोहून रेल्वेने साधारण तासा-सव्वातासावर सागामी उपसागरात एनोशिमा नावाचं बेट आहे. १९६४च्या ऑलिंपिकमधल्या शिडाच्या शर्यतींसाठी तिथे खास यॉट बंदर बांधलं गेलं. टोकियो २०२०चं ऑलिंपिक लांबून २०२१मध्ये झालं, तेव्हाही शर्यती त्याच बंदरातून सुटल्या. टोकियो-योकोहामाकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना एका दिवसात जाऊन येण्यासारखी ही जागा आहे. झेंड्यांची आवड असेल तर बंदराच्या भिंतीवर उभं राहून नुसत्या डोलकाठ्या न्याहाळण्यात दुपार जाते.

यॉटच्या मागच्या टोकाला लावतात तो देशाचा झेंडा. डोलकाठीच्या शेंड्यावर किंवा उजव्या आडव्या दांडीखाली जी छोटी त्रिकोणी पताका असते, ती क्लबची. यॉटवाले तिला बर्जी म्हणतात. ही बर्जी जपानी वळणाने कशी आखायची, ते या लेखात एकेका पायरीने पाहू. नवा क्लब काढत असाल, स्वतःच्या बोटीसाठी खूण हवी असेल किंवा झेंड्यांची रचना शिकायची असेल, तर पट्टी, कंपास आणि कागद घेऊन बसा.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. लांबून, हलत्या कापडावर, एका दृष्टिक्षेपात ओळखू येईल अशी खूण कशी काढायची, हा प्रश्न जपानने यॉट येण्याच्या कितीतरी शतकं आधी सोडवला होता. ते उत्तर म्हणजे कामोन, घराण्याची एकरंगी खूण. ज्या देशाकडे हा खजिना आहे, तिथल्या क्लबने नांगर, दोरखंड आणि तीन रोमन अक्षरं यांवर समाधान मानू नये, असं माझं ठाम मत आहे.

आधी पूर्वज ओळखा

सेतो अंतर्देशीय समुद्रात सोळाव्या शतकात मुराकामी घराण्याचं राज्य चाले. नोशिमा, कुरुशिमा आणि इन्नोशिमा या बेटांवर त्यांच्या तीन शाखा होत्या. त्यांच्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजाला ते परवान्याचा झेंडा देत. मधोमध मोठं ‘上’ हे अक्षर, एका बाजूला झेंडा मिळालेल्याचं नाव, दुसऱ्या बाजूला तारीख आणि सही. मुराकामी ताकेयोशीने १५८१मध्ये दिलेले असे झेंडे आजही जपून ठेवलेले आहेत. लुईश फ्रोइश या पोर्तुगीज जेसुइट धर्मप्रसारकाने १५८६च्या प्रवासाबद्दल लिहिताना नोशिमाच्या सरदाराकडून असा झेंडा मिळाल्याची नोंद केली आहे. ‘हे जहाज आमच्यापैकी आहे, वाट द्या’ हे सांगणारं कापड, म्हणजे क्लबच्या बर्जीचं मूळ काम, तिथे तेव्हाच चालू होतं.

हिनोमारु म्हणजे पांढऱ्यावर लाल वर्तुळ असलेला जपानचा झेंडा. त्याचा जन्मही समुद्रावरचाच म्हणायला हवा. परदेशी जहाजं किनाऱ्यावर येऊ लागल्यावर आपली जहाजं वेगळी ओळखू यावीत म्हणून सात्सुमा प्रांताचा सरदार शिमाझु नारिआकिराने हे चिन्ह सुचवलं आणि १८५४मध्ये शोगुनच्या सरकारने ते जपानी जहाजांची खूण म्हणून स्वीकारलं. १८६०मध्ये कानरिन मारु हे जहाज पॅसिफिक ओलांडून अमेरिकेला गेलं, ते हाच झेंडा घेऊन. १८७०मध्ये व्यापारी जहाजांसाठी त्याची मापं हुकुमाने ठरली. कायद्याने तो राष्ट्रध्वज मात्र १९९९मध्ये झाला.

पुढे कंपन्यांनी हाच वारसा उचलला. मित्सुबिशीचे तीन हिरे आधी जहाजावरच्या झेंड्यावर आले, कंपनीच्या नावात नंतर. १८८५मध्ये दोन कंपन्या एकत्र येऊन निप्पॉन युसेन ही जहाज कंपनी झाली, तेव्हा तिने पांढऱ्या कापडावर दोन लाल आडव्या पट्ट्या घेतल्या. दोन पट्ट्या, दोन कंपन्या. इतकं साधं असावं.

यॉट क्लब ही कल्पना आली ती परदेशी रहिवाशांकडून. १८५९मध्ये योकोहामा बंदर खुलं झालं, तिथल्या गोऱ्या व्यापाऱ्यांनी शिडाच्या शर्यतींची हौस आणि त्रिकोणी बर्जीची रीत सोबत आणली. त्यामुळे जपानी क्लबच्या झेंड्यात दोन परंपरा भेटतात: आकार ब्रिटिश रीतीचा आणि खूण, ती जमली असेल तर, जपानी.

पायरी पहिली: आकार ठरवा

पर्याय दोनच धरा. एक, साधा समद्विभुज त्रिकोण. दुसरा, आपल्या भगव्या झेंड्याला असते तशी फडकत्या टोकाला खाच असलेली दुशाखी पताका. क्लबसाठी त्रिकोण घ्या. दुशाखी पताका बऱ्याच परंपरांमध्ये क्लबच्या पदाधिकाऱ्यांसाठी राखलेली असते, ती सोय पुढे उपयोगी पडते. उंची आणि लांबीचं प्रमाण २:३ ठेवा. म्हणजे काठीकडची बाजू ४० सेंमी असेल तर टोकापर्यंतची लांबी ६० सेंमी. पुढचा सगळा हिशेब याच मापावर करू.

पायरी दुसरी: एकच खूण निवडा

कामोन हजारोंनी आहेत आणि त्यांत समुद्राशी नातं सांगणारे पुष्कळ: लाटा, नांगर, वल्ही, शिडाची होडी. शिडाच्या होडीची खूण नावा घराण्याची. १३३३मध्ये ओकी बेटावरच्या कैदेतून निसटलेल्या सम्राट गो-दाइगोला नावा नागातोशीने आसरा दिला, त्या घराण्याची. यॉट क्लबला ही खूण मोहात पाडते, पण तिच्यातल्या बारीक रेषा छोट्या पताकेवर लांबून गिचमिड होतात.

आपण उदाहरणासाठी एनोशिमाचीच गोष्ट घेऊ. कथा अशी, की होजो घराण्याचा सरदार तोकिमासा बेटावर वंशाच्या भरभराटीसाठी प्रार्थनेला बसला. एक सुंदर स्त्री प्रकट झाली, तिने भविष्य सांगितलं आणि महासर्पाचं रूप घेऊन ती समुद्रात शिरली. मागे तीन खवले राहिले. होजोंनी त्या तीन खवल्यांची खूण केली: तीन भरीव त्रिकोण, वर एक आणि खाली दोन, मधला उलटा त्रिकोण रिकामा. तिचं नाव मित्सु-उरोको. एनोशिमाच्या देवळाच्या खुणेत हेच तीन खवले समोरासमोरच्या लाटांमध्ये बसवलेले आहेत. आणि बेटावरची देवी बेन्जाइतेन म्हणजे बौद्ध धर्माबरोबर जपानला पोचलेली आपली सरस्वतीच.

देवळाची खूण जशीच्या तशी उचलू नका, ती त्यांची आहे. नुसते तीन खवले मात्र फार जुनी आणि अनेकांनी वापरलेली खूण आहे.

इथेच काही गोष्टी टाळायच्या. सोळा पाकळ्यांची शेवंती राजघराण्याची आहे, जपानच्या ट्रेडमार्क कायद्यात तिच्यासारखी खूण नोंदवता येत नाही. पाउलोनिया या झाडाच्या पानाफुलांची खूण सरकार वापरतं, तिच्याही वाटेला जाऊ नका. सोळा किरणांचा सूर्य आरमाराचा झेंडा आहे, आणि युद्धाच्या आठवणींमुळे कोरिया-चीनमध्ये तो पाहून लोक दुखावतात. २०१८मध्ये दक्षिण कोरियाने जेजूच्या आरमारी संचलनात फक्त राष्ट्रध्वज लावा असं सुचवलं, तेव्हा जपानने जहाज पाठवलंच नाही. क्लबच्या आनंदाच्या झेंड्यावर हा वाद कशाला हवा?

पायरी तिसरी: मागून बघा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा विसरली जाते. झेंडा दोन्ही बाजूंनी दिसतो, आणि एकपदरी कापडावरची खूण मागून आरशातल्यासारखी उलटी दिसते. जपानी देवळांच्या कौलांवर दिसणारा तीन शेपट्यांचा भोवरा, मित्सुदोमोए, घ्या. तो पाण्याचं प्रतीक, आगीपासून राखणारा, यॉटला अगदी शोभणारा. पण डावीकडे फिरणारा भोवरा आणि उजवीकडे फिरणारा भोवरा या दोन वेगळ्या खुणा मानतात. म्हणजे तुमची बोट एका बाजूने एका खुणेची आणि दुसऱ्या बाजूने दुसऱ्याच खुणेची दिसेल.

अक्षरांचंही तेच. मुराकामींचं ‘上’ उलटलं की चुकीचं दिसतं. ‘山’, ‘中’, ‘大’ यांसारखी अक्षरं जवळपास सममित असल्यामुळे निभावतात. देवनागरी अक्षरांना ही सोय नाही. अक्षर हवंच असेल तर दोन कापडांमध्ये अपारदर्शक अस्तर घालून दुपदरी पताका शिवावी लागते. ती जड होते आणि मंद वाऱ्यात लोंबते. मित्सु-उरोको उभ्या अक्षाभोवती पूर्ण सममित आहे, मागून पुढून एकच. म्हणूनही ती निवडली.

पायरी चौथी: खूण नेमकी बसवा

आता कंपास काढा. कामोन रेखाटणारे जपानी कारागीर बांबूचा कंपास वापरतात. त्याच्या एका पायाला टोचणी आणि दुसऱ्याला शाईचा कुंचला. वळणदार पान असो वा लाट, ते सगळं वर्तुळाच्या तुकड्यांतून उभं करतात. आपल्यालाही सुरुवात वर्तुळानेच करायची आहे.

हिनोमारुचं गणित सोपं आहे. झेंडा २:३, वर्तुळाचा व्यास उंचीच्या तीन पंचमांश, केंद्र मधोमध. हेच मोजमाप त्रिकोणावर लावलं की फसतं. ४० सेंमी उंचीला तीन पंचमांश म्हणजे २४ सेंमीचं वर्तुळ, आणि ते लांबीच्या मध्यावर, ३० सेंमीवर ठेवलं तर वर-खाली कापडाबाहेर जातं. त्रिकोण तिथे जेमतेम २० सेंमी उंच उरलेला असतो.

मग केंद्र कुठे? तिन्ही कडांपासून सारख्या अंतरावर. त्रिकोणाचं क्षेत्रफळ ४० गुणिले ६० भागिले २, म्हणजे १२०० चौ. सेंमी. तिरकी बाजू ६३.२ सेंमी, म्हणून अर्धी परिमिती ८३.२. भागाकार १४.४. म्हणजे काठीकडच्या कडेपासून १४.४ सेंमीवर, मधल्या रेषेवर केंद्र घ्या. तिथून प्रत्येक कड १४.४ सेंमी दूर राहते. आता १० सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा, व्यास पताकेच्या उंचीच्या निम्मा. चहूकडे ४.४ सेंमी मोकळं कापड उरतं. २४ सेंमीचं वर्तुळ इथे मावलं असतं खरं, पण कडेला २.४ सेंमीच उरले असते आणि खूण कोंडल्यासारखी दिसली असती. रिकामी जागा हा कामोनचा अर्धा प्राण आहे, तिथे कंजुषी नको.

केंद्र काठीकडे सरकलं म्हणून बिचकू नका. फडकताना टोकाकडचं कापड सतत दुमडतं, काठीजवळचं ताठ राहतं. १८७०च्या हुकुमातही हिनोमारुचं वर्तुळ लांबीच्या शंभराव्या भागाइतकं काठीकडे सरकवलेलं होतं आणि आरमाराच्या झेंड्यावरचा सूर्य तर ठळकपणे काठीकडे आहे.

वर्तुळात समभुज त्रिकोण काढा, एक टोक वर. त्याची बाजू १७.३ सेंमी येईल. बाजूंचे मध्य जोडले की चार छोटे त्रिकोण होतात, प्रत्येकाची बाजू ८.७ सेंमीच्या आत. मधला रिकामा सोडा, बाकीचे तीन भरा. वर्तुळ आता खोडून टाका. एक छोटं काम राहिलं: तीन त्रिकोण जिथे टोकाला टोक भिडतात तिथे शिवताना कापड जाड होतं आणि आकार बोथट दिसतो. म्हणून टोकांमध्ये तीन-चार मिलिमीटर फट ठेवा. लांबून ती दिसत नाही, खवले मात्र धारदार राहतात.

ही सगळी मापं कापडाच्या दिसणाऱ्या भागाची. काठीकडच्या जाड पट्टीसाठी आणि दुमडीसाठी कापड वेगळं धरा.

पायरी पाचवी: संकेतझेंड्यांशी गफलत टाळा

समुद्रावर झेंडे बोलतात. आंतरराष्ट्रीय संकेतसंहितेत प्रत्येक अक्षराला, अंकाला झेंडा आहे, आणि क्लबच्या पताकेने चुकून भलतंच बोलू नये. जपानला हे वेगळं सांगायला नको. १९०५मध्ये रशियाविरुद्धच्या त्सुशिमाच्या लढाईआधी अ‍ॅडमिरल तोगोने ‘झेड’ झेंडा चढवला तो साम्राज्याचं भवितव्य या लढाईवर आहे हे आरमाराला सांगायला. योकोसुकाला जतन केलेल्या मिकासा जहाजावर तो आजही दिसतो.

आता आपले रंग एकेक करून तपासू. पहिला मोह म्हणजे पांढऱ्या पताकेवर लाल वर्तुळ, हिनोमारुची आठवण म्हणून. पण संकेतांत ‘एक’ या अंकाची निमुळती पताका नेमकी हीच आहे. निळ्यावर पांढरं वर्तुळ? ती ‘दोन’. आपले खवले वर्तुळ नाहीत, तरी लांबून निळ्यावरचा पांढरा पुंजका वर्तुळासारखाच दिसतो, म्हणून तेही बाद. गडद निळ्यावर सोनेरी खवले देखणे दिसतील, पण पहिली पर्यायी पताका (आधी लावलेला झेंडा पुन्हा हवा असेल तर त्याच्याऐवजी चढवतात ती) म्हणजे निळ्या काठाचा पिवळा त्रिकोण, आणि शर्यतीत तिचा अर्थ ‘सगळे परत फिरा’ असा होतो. किरमिजीवर पांढरे? शर्यतीत लाल झेंडा चढवणं म्हणजे दुसऱ्या बोटीविरुद्ध तक्रार नोंदवणं. दुशाखी लाल झेंडा तर ‘बी’ आहे, धोकादायक मालाचा.

उरलं पांढऱ्यावर गडद निळं, जपानी निळीच्या रंगाचं. हे जोडपं टिकतं. कारण लाल रंग उन्हात लवकर विटतो, पांढऱ्याला विटायला काही नाही, आणि गडद आकार ढगाळ आकाशासमोरही उठून दिसतो. काठीकडे एक निळी उभी पट्टी द्यावीशी वाटेल. देऊ नका. ती रुंद झाली की काठीकडे निळी, टोकाकडे पांढरी अशी दुसरी पर्यायी पताका तयार होते.

पायरी सहावी: कागदावर भांडून घ्या

प्रत्यक्ष मापाची कागदी पताका कापा, खवले चिकटवा, गच्चीच्या एका टोकाला लावा आणि दुसऱ्या टोकाला जा. मग तिला मधोमध चुरगाळून पुन्हा बघा, कारण समुद्रावर ती कधीच सपाट दिसणार नाही. फोनवर फोटो काढून अंगठ्याच्या नखाएवढा करून पाहा. क्लबच्या सभासदांना रचना दाखवायची ती याच अवस्थेत. संगणकाच्या पडद्यावर मोठी करून दाखवली की प्रत्येकाला तिच्यात काहीतरी घालायचं सुचतं: स्थापनेचं वर्ष, फुजी पर्वत, समुद्रपक्षी, क्लबचं पूर्ण नाव. या सगळ्यांना टी-शर्टवर जागा आहे.

पायरी सातवी: कापड आणि शिवण

हलक्या वाऱ्याच्या जागी नायलॉन, जोराच्या वाऱ्याच्या जागी विणलेलं पॉलिएस्टर. छापलेली पताका स्वस्त पडते. कापून शिवलेली जास्त टिकते आणि तिचा रंग दोन्ही बाजूंना सारखा येतो. खवले शिवताना निळं कापड पांढऱ्यावर लावून शिवा, मग मागून पांढरं कापड कात्रीने अलगद काढून टाका. नाहीतर मागची बाजू फिकी दिसते. फडकत्या टोकाला दुमड घालून किमान तिहेरी शिवण मारा, फाटायला सुरुवात नेहमी तिथूनच होते.

हौस आणि वेळ दोन्ही असेल तर जपानी मच्छीमारांच्या तैर्योबाता झेंड्यांची पद्धत करून बघण्यासारखी आहे. भरघोस मासळी घेऊन परतताना, नव्या होडीच्या जलावतरणाला किंवा नवीन वर्षाला हे मोठे रंगीत झेंडे लावतात. तांदळाची खळ शंकूतून दाबत कापडावर रेषा ओढायची, वाळली की आतल्या भागांत ब्रशने रंग भरायचा, मग कापड धुऊन काढायचं. खळ निघून जाते आणि तिच्याखाली झाकलेली पांढरी रेघ उघडी पडते. क्लबच्या दालनात भिंतीवर लावायला अशी एक पताका फार सुंदर दिसेल.

पायरी आठवी: माप, जागा, रीत

अमेरिकी यॉटिंगमध्ये रूढ ठोकताळा असा: डोलकाठीची पाण्यापासूनची उंची जितके फूट, तितके अर्धे इंच बर्जीची लांबी. आपल्या भाषेत दर मीटरला सव्वाचार सेंमीच्या जरा आत. म्हणजे आपली ६० सेंमीची पताका १४ मीटर किंवा थोड्या अधिक उंचीच्या डोलकाठीला बरोबर. डोलकाठी १२ मीटर असेल तर ५० सेंमी घ्या आणि वरची सगळी मापं त्याच प्रमाणात कमी करा. मागच्या राष्ट्रध्वजासाठी बोटीच्या लांबीच्या दर फुटाला एक इंच. दहा मीटरच्या बोटीला साधारण ८३ सेंमी.

जपानी बोटीच्या मागे हिनोमारुच लावतात, व्यापारी जहाजालाही तोच. भारतात तसं नाही, आपल्या व्यापारी जहाजांचा वेगळा लाल झेंडा आहे, कोपऱ्यात तिरंगा असलेला. तुम्ही दुसऱ्या देशात नोंदलेली बोट घेऊन जपानच्या बंदरात शिरत असाल, तर मागे बोटीच्या देशाचा झेंडा आणि उजव्या आडव्या दांडीखाली मानाचा हिनोमारु. त्याआधी, बंदरात परवानगी मिळेपर्यंत, पिवळा ‘क्यू’ झेंडा. मानाचा झेंडा असताना क्लबची बर्जी त्याच दोरीवर त्याच्या वर चढवू नका, तिला शेंड्यावर किंवा डावीकडे जागा द्या. शेंड्यावर आता वाऱ्याची उपकरणं आणि रेडिओची तार असते, म्हणून तिथे लावायचीच असेल तर उपकरणांच्या वर जाणाऱ्या पातळ काठीला बांधा.

एका वेळी एकच क्लबची पताका. शर्यत सुरू होताना ती उतरवायची जुनी रीत आहे. रोज सकाळी आठला चढवून सूर्यास्ताला उतरवली तर कापडही दुप्पट टिकेल. उतरवल्यावर गोड्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवा, कारण कापडात राहिलेलं मीठ शिवणीचा दोरा कुरतडतं. टोकाचे धागे सुटायला लागले, की दोन सेंमी कापून पुन्हा दुमडून घ्या. असं दोनदा झालं की प्रमाण बिघडतं, तेव्हा नवी शिवायला टाका. त्यासाठी मूळ आखणीचा कागद, केंद्राच्या १४.४च्या खुणेसकट, क्लबच्या दप्तरात जपून ठेवलेला असावा.